नागोजी काय म्हणाला…

दुकानात एका बाईंसमोर साड्यांचा ढीग उपसून बसलो होतो. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, असा आमच्या वडिलांचा दंडक. त्यामुळं नागोजीच्या कारखान्यातला एक माणूस सायकल भिंतीला टेकवून पायरीशी येऊन उभा राहिला, तरी मी त्याच्याकडं धड बघितलं नाही. “नागोजी होगबिट्रु,” तो म्हणाला. नागोजी गेले. मी वेड्यासारखं विचारलं, “कुठं?”… बाईंनाच आधी समजलं. त्या पदर सावरून उठून गेल्या, आणि मी ढीग तसाच टाकून निघालो.

याला महिना होऊन गेला. नागोजीराव म्हणजे बंगळूरच्या एका मोठ्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचा एके काळचा हाफबॅक, मधल्या फळीतला खेळाडू. नात्यानं माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, गोल अडवणाऱ्याचंही येतं, पण मधल्या मधे राबणाऱ्या हाफबॅकचं नाव छापून कुणाला काय मिळणार? म्हणून मराठी पेपराच्या पुरवणीत आपणच चार ओळी लिहाव्यात, असं मी घरी सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. त्याच्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

सुमित्रा त्याची एकुलती एक मुलगी, हायस्कुलात जाते. तेराव्याची पंगत उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धूत होतो, तिथं ती आली. “चिक्कप्पा, अप्पा ‘ओडु’ अंतानेना अंदिद्दु?” म्हणजे, काका, अप्पा ‘धाव’ असंच म्हणाले होते ना? झालं होतं ते असं. नागोजीला छातीत कफ साठून ताप भरलेला. त्या दिवशी सकाळी वहिनी दवाखान्यातून औषध आणायला गेल्या होत्या आणि ही एकटी उशाशी होती. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि एकच शब्द दोनदा उच्चारला. तिला ऐकू आलं ‘ओडु’. डॉक्टरांना बोलवायला धाव, असं अप्पा सांगतायत असं समजून ती धावली. डॉक्टरांना घेऊन परत आली तेव्हा वहिनी आलेल्या होत्या आणि सगळं आटोपलं होतं. “मी दारात चपला शोधत बसले,” ती कन्नडातच म्हणाली, “तेवढ्यात उशीर झाला का? आईला विचारलं की आई रडते, आणि म्हणते काकांना विचार.” मी म्हटलं, सांगतो, स्वल्प थांब… आणि पाहुण्यांना निरोप द्यायचं निमित्त करून तिथून सटकलो.

उत्तर का देता येईना, ते सांगायचं तर नागोजीचं सगळं खेळणंच सांगावं लागेल.

आम्ही दोघंही बंगळूरच्या चिकपेटेतले. आमचं कापडाचं दुकान, त्याच्या वडिलांचं शिवणकाम. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कन्नड. पायांना पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळायचो. मी डाव्या कडेला आणि तो मधे. त्याच्या पायांत जादूबिदू काही नव्हती, जे काही होतं ते गळ्यात होतं. मैदानाच्या मधोमध उभा राहून तो सगळ्यांना हाकत असे. ‘ओडु!’ अशी त्याची हाक आली की मागंपुढं न बघता पळायचं, चेंडू बरोबर येऊन पुढ्यात पडायचा. आणि चेंडू दिल्यावर हा गडी कमरेवर हात ठेवून पळणाऱ्याकडं बघत उभा राहायचा. मी एकदा चिडवलं, “काय रे अण्णा, सिनेमा बघायला आलायस काय?” तर म्हणाला, “माझं काम झालं की. आता तू पळतोस ते बघू दे तरी.” गोल झाला की पोरं मारणाऱ्याला खांद्यावर घ्यायची, आणि हा तिथंच लांब उभा राहून हसायचा. मला त्याचा राग यायचा. माणसानं थोडं तरी मिरवावं!

वडिलांनी मला खेळातून उचलून दुकानात बसवलं. त्याला मात्र खेळामुळंच कारखान्यात नोकरी लागली. कारखान्याच्या संघात तमिळ होते, अँग्लो-इंडियन होते, पण मैदानावरची बोली कन्नड. नागोजीचं कन्नड असं अस्सल की तो मराठी घरातला आहे हे पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. काही वर्षं त्याचे दिवस खरोखर चांगले गेले. राज्याच्या संघात त्याचं नाव जाणार, असं जो तो म्हणू लागला होता. निवड करणारी मंडळी ज्या सामन्याला येऊन बसली होती, त्या सामन्याला दुकान नोकरावर सोपवून मीही गेलो, आणि त्याच्या बाजूच्या गोलाजवळ रेषेला चिकटून उभा राहिलो.

सामना संपत आलेला, आणि आमचा संघ एका गोलानं पुढं. चेंडू बसप्पाच्या पायात होता. बसप्पा आमचा बॅक, बचावातला गडी, साधा सरळ माणूस, कारखान्यात नुकताच लागलेला आणि अजून कायम न झालेला. समोरच्या संघाचा एक दांडगा खेळाडू त्याच्या अंगावर चालून येत होता, आणि बसप्पाचं लक्षच नव्हतं. नागोजीनं ते पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “ओढ!” म्हणजे चेंडू मागं ओढून घे. मराठीत ओरडला! मी दहा हातांवर होतो, मी स्वच्छ ऐकलं. आमच्या घरात लहानपणी ‘दोर ओढ’, ‘दार ओढ’ म्हणत तोच तो शब्द. बसप्पाला तो कन्नडात ऐकू आला. अण्णा ‘ओडु’ म्हणतोय म्हटल्यावर तो चेंडू घेऊन सरळ पुढं धावला, त्या दांडग्याच्या पायात अलगद चेंडू दिला, आणि गोल झाला. त्यानंतर आमच्या पोरांचा धीरच सुटला. आणखी एक गोल खाऊन सामना गेला.

कप्तान बसप्पावर धावून गेला. बसप्पा रडकुंडीला येऊन नागोजीला म्हणाला, “नीने ओडु अंद्यल्ला!” तूच तर धाव म्हणालास! मी दोर ओलांडून आत गेलोच होतो, काय झालं ते सांगणारच होतो. नागोजीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की हाडं दुखली. कप्तानाला म्हणाला, “हौदु, नाने अंदे.” हो, मीच म्हणालो. मग मला बाजूला नेऊन आमच्या मराठीत म्हणाला, “गप बस. मी ओढ म्हटलो सांगितलं तर चूक बसप्पाच्या कानाची ठरेल. पोटावर पाय येईल रे त्याच्या.” आणि इकडंतिकडं बघून, “शिवाय मराठीत का ओरडलास म्हणून विचारतील… काय सांगू?” ते दिवस भाषेवरून डोकी तापण्याचे होते. सीमेवर जे चाललं होतं त्याची धग इथं पेठेत आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनाही लागत होती. मी विचारलं, “पण मराठी आलीच कशी तुझ्या तोंडात?” तो म्हणाला, “भ्यालो की. भ्यालं की आईचंच येतं रे तोंडात.”

ऐन वेळी गोंधळतो, असा त्याच्यावर शिक्का बसला. राज्याच्या संघात दुसराच कुणी गेला. बसप्पा कायम झाला. आणि नागोजी… नागोजी मैदानावर गप्प झाला. हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, पण तो सामना त्याच्या गळ्यात अडकला तो अडकलाच. ओरडायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. पुढं बूट घालूनच खेळायचा नियम आला, पायाला चेंडू समजेना, मग गुडघा गेला. लोक म्हणाले, गुडघ्यानं संपवलं. बोलतात तर बोलू देत. मुका हाफबॅक कशाला असतो हो संघात? खेळ संपल्यावर कारखान्यानं त्याला यंत्रांवर घातलं. तिथल्या खडखडाटात तर बोलायची सोयच नव्हती.

मला सगळ्यात लागलं ते मात्र वेगळंच. सुमित्रा झाली आणि त्यानं फर्मान काढलं, घरात मराठी बोलायचं नाही. वहिनी आनेकलच्या, तिथल्या मराठी घरातल्या. त्या बिचाऱ्या पाळण्याजवळ गुणगुणायच्या तेसुद्धा चोरून. मी भांडलो, आवाज चढवून भांडलो. आजी-पणजीची भाषा, तिनं तुझं काय घोडं मारलंय? तो शांतपणे म्हणाला, “सरी, बरोबर, तू म्हणतोस ते सगळं सरी. पण भ्याल्यावर माझ्या पोरीच्या तोंडात एकच भाषा यावी. ऐकणाऱ्याला समजेल ती.” सुमित्राला मराठीची चार घरगुती वाक्यं कानावरून गेलेली असतील, त्यापलीकडं काही नाही. लिहिणं-वाचणं तर दूरच.

तेराव्याच्या दिवशी मी सटकलो खरा, पण वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. पोरीच्या पाठीमागं, हलक्या आवाजात, आमच्या भाषेत म्हणाल्या, “भावजी, मी आले तेव्हा पांघरूण पायाशी गोळा झालं होतं. काठ ह्यांच्या मुठीत होता. अंग हिवानं गार पडलं होतं हो…” मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. ओढ म्हणाला तो. पांघरूण ओढ. भ्याला असेल, थंडी वाजली असेल, आणि आईचंच आलं तोंडात. हाताच्या अंतरावर बसलेल्या लेकीनं ते ऐकलं आणि ती उठून धावत सुटली.

आता हे मी त्या पोरीला सांगायचं? तू धावलीस ना, तिथंच थांबायचं होतंस, असं? त्या रात्री मला झोप आली नाही. पुढल्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. सुमित्रा पायरीवर बसली होती, मी तिच्याशेजारी टेकलो. म्हटलं, “‘ओडु’च म्हणाले अप्पा. दुसरं काय म्हणणार? साऱ्या गावाला ओडु म्हणत आयुष्य गेलं त्यांचं.” ती म्हणाली, “पण मी पोचले नाही, चिक्कप्पा.” मी म्हटलं, “पोचायचा हिशेब तुझ्या अप्पांनी कधी ठेवलाच नाही. धावणारा धावला की त्यांना पुरे असायचं, ते उभं राहून बघायचे. तू दारातून धावत गेलीस ना, ते बघतच ते गेले असणार.” ती खूप वेळ रडली, मग तोंड धुऊन आली आणि तिनं मला कॉफी करून दिली. त्या दिवसापासून ती जेवायला लागली आहे, असं वहिनी सांगतात.

खोटं बोललो, आणि परत बोलायची वेळ आली तरी तेच बोलेन. पण मरणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द होता, आणि कुठंतरी तो जसा होता तसा राहायला हवा, म्हणून इथं लिहिला. ही पुरवणी आमच्या दुकानात येते. सुमित्रा परकराचं कापड घ्यायला आली की गल्ल्याशेजारी पडलेली तिला दिसेल, एखादवेळी हातातही घेईल, सोबत छापलेला वडिलांचा फोटो बघेल. घेऊ दे. तिला यातलं एक अक्षर वाचता येत नाही… तेवढी व्यवस्था नागोजीनं स्वतःच करून ठेवली आहे.