परीक्षा झाली की जाऊ

माझ्या सासूबाईंची नजर गेली ती मी एमसीए करत होते त्या काळात. एका दिवसात नाही गेली. पडवीत मी लॅपटॉप उघडून बसायचे तिथून दहा पावलांवर स्वयंपाकघर, आणि तिथे त्यांची नजर थोडी थोडी जात राहिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करत बसायला नको.

मी मूळची राजापूरची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, लगेच लग्न झालं आणि रत्नागिरीत जेटीजवळच्या या घरात आले. नवरा आखातात बोटीवर, वर्षातून दीड महिना घरी. एरवी आम्ही दोघीच. सासूबाईंनी उभा जन्म मासळी विकली, आधी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार, मग बाजारात बसून. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा विकणं सोडलं, पण घरची मासळी रोज सकाळी त्याच आणायच्या. तो मान त्यांनी कुणाला दिला नव्हता, मला तर नाहीच. "तुज्या हातात कुजका बांगडा देतील आणि तू पिशवी हलवत घरी येशील," म्हणायच्या.

शिकायचं खूळ माझं, पण उचलून धरलं त्यांनी. दुसऱ्या विषयाची पदवी असली तरी संगणकाकडे वळता येतं. आधी गणिताचा आणि संगणकाच्या ओळखीचा जादा अभ्यासक्रम करायचा, मग बाकीचं घरबसल्या, फक्त रविवारी अभ्यासकेंद्रावर तास. हे सगळं मी त्यांना जेवताना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुला पाटी उचलायला नको ना?"

"नको."

"मग कर. चूल मी बगतंय."

आणि शब्दाला जागल्या. रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात यायची, तर तिथली जाळी-दोऱ्यांची अडगळ त्यांनी स्वतः हलवली. दुपारी मी व्हिडिओ लावून बसले की दारावर आलेल्या माणसाला त्या फाटकातच अडवायच्या. बाजारात तर सगळ्यांना सांगून झालं होतं, माझी सून कंप्युटरचं मोठं शिकते म्हणून. मला लाज वाटायची, कारण तोवर मला एक धड प्रोग्रॅम जमत नव्हता.

पहिल्या परीक्षेत गणित राहिलं. परीक्षेच्या आठवड्यात सासूबाईंना ताप होता, मी दोन दिवस त्यांच्या उशाशी होते. खरं बोलायचं तर ते दोन दिवस मिळाले असते तरी मी पास झाले नसते. मला ते गणित कळलंच नव्हतं. पण निकाल पाहिला आणि माझी जीभ सुटली. "तुमच्या तापापायी माझा पेपर गेला," मी म्हटलं. त्या तांदूळ निवडत होत्या. संध्याकाळी मला चहा आणून दिला, त्यात आलं जास्त घातलं होतं, मला आवडतं म्हणून. मी तो प्यायले आणि माफी मागायची राहून गेली.

त्यानंतर त्यांनी मला स्वतःचं दुखणं असं एकदाच सांगितलं. पुढच्या परीक्षेला महिना राहिला होता. दिवेलागणीला देवापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दिव्याभोवती कडी दिसतात गो. रंगीत. आणि कपाळ ठणकतं."

मी पडद्यावरची नजरही न काढता म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. परीक्षा झाली की जाऊ."

"जाऊ की. घाई काय हाय?"

कपाळाला सुंठ उगाळून लावली आणि भात टाकायला गेल्या. ती परीक्षा झाली. मग असाइनमेंट आल्या, मग राहिलेलं गणित पुन्हा, मग प्रोजेक्ट. दर वेळी मला आठवायचं आणि दर वेळी मी म्हणायचे, एवढं झालं की जाऊ. आई, आज डोळे कसे आहेत, असं मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर न्यावं लागलं असतं.

माझ्या डोळ्यांसमोर खुणा होत्या. चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. बाजूला ठेवलेल्या भांड्याला पाय लागून ते लवंडायचं. मी पडवीतून ओरडायचे, "आई, जरा बघून." कॉलेजात माशाचा डोळा कापून, आकृती काढून, भागांना नावं देऊन पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मी.

आणि मग ते सौंदाळे. प्रोजेक्ट जमा करायच्या आधीचा आठवडा होता. जेवायला बसले, पहिल्याच घासाला तोंडात खवला आला. दुसऱ्या तुकडीवर आणखी दोन. या घरात, या बाईच्या हातचं मासळीचं ताट, आणि त्यात खवले? दुसरी कुणी असती तर हातातला घास टाकून उठली असती आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. मी ताट पुढे सरकवलं. "लक्ष कुठे असतं तुमचं? हे काय खायचं?" त्यांनी ताटावर बोटं फिरवली. बोटं फिरवली, बघितलं नाही. हे मला आज दिसतं. "चुकलं गो," म्हणाल्या आणि माझ्यासाठी अंडं फोडायला उठल्या.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली, चांगली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उत्साह आला. म्हटलं, आज आपण सुरमई आणू, सासूबाई उठायच्या आत. पिशवी घेऊन बाजारात गेले. त्या ज्या बाईकडून मासळी घ्यायच्या, ती त्यांच्याच जोडीची, वर्षानुवर्षं शेजारी बसलेली. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"आज तू कशी? म्हातारी बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. माझी परीक्षा संपली, म्हणून मी आले."

"संपली? सुटलो बाई." तिने कोयता खाली ठेवला. "आता तरी ने तिला दवाखान्यात. वर्स होईल, मीच तिला मासळी निवडून देतंय. ती नुसता हात लावते. नि गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्यातली कोनतरी रोज सोडायला येते. शपथ घातली होती तिने सगळ्यांना. पोरीला कळलं तर तिचा पेपर जाईल, म्हनायची."

अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. एकाच छपराखाली राहणाऱ्या सुनेला ठाऊक नव्हतं. सुरमई घेतली की नाही, मला आठवत नाही.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नसते, डॉक्टर म्हणाले, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. "कडी दिसायला लागली तेव्हाच आणायला हवं होतं." मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मीच सांगितलं नाय हिला, डॉक्टर." खोटं बोलल्या. माझ्यासाठी.

आता एका डोळ्याने त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळतं. मी पास झाले. घरूनच काम करते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. कामात मी बारीक आहे म्हणतात, माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. मी ऐकून घेते. नवरा फोनवर म्हणतो, तू मनाला किती दिवस लावून घेणार आहेस? निकालाच्या दिवशी बोललेलं ते तापाचं वाक्य मी त्याला सांगितलेलं नाही. सासूबाईंनीही सांगितलेलं नाही.

बाजारात आता मी जाते, मासळी मी साफ करते. त्या पाटावर बसून शिकवतात, शेपटाकडून डोक्याकडे घास, बोट उलटं फिरवून बघ. जेवताना त्यांच्या ताटातले काटे मी काढून देते. मला अजून नीट जमत नाही.

परवा पेडव्याचं, त्या बारीक काट्यांच्या मासळीचं, आमसूल घालून तिखलं केलं होतं. जेवताना त्या मध्येच थांबल्या, तोंडात जीभ फिरवत राहिल्या. मी विचारलं, "काटा लागला का, आई?"

"नाय गो. चांगले साफ केलेस."

त्यांचं ताट घासायला घेतलं, तर कडेला आमसुलाचं साल नीट पसरून ठेवलं होतं. ते उचललं. खाली तीन काटे होते.