थ्रेशर, आणि डाव्या मनगटावरचा वण

इथं लुधियानात आमच्या कारखान्यात मळणीयंत्रं बनतात. त्यांच्या तोंडाशी धोक्याची लाल पट्टी चिकटवायचं काम माझं. पट्टीवर इंग्रजीत ‘थ्रेशर’ लिहिलेलं असतं. नववीत शाळा सुटलेला माणूस मी. परवा जेवणाच्या सुट्टीत भीत भीतच त्या शब्दाचं मूळ मोबाईलवर शोधलं. शब्द लई जुना निघाला. आधी त्याचा अर्थ पायांनी दणादणा तुडवणं, मग काठीनं कणसं बडवणं. पुढं त्याचंच जरा बदललेलं रूप माणसाला बडवण्यासाठी आलं. वाचता वाचता डावं मनगट आपोआप छातीशी गेलं.

इकडं येण्याआधीची, गावाकडची गोष्ट. चाकूरजवळ सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालू होती. हडंबा, हेच यंत्र, कंधारच्या एका चाचांचा. मी त्यांच्याकडं मजूर. चाचांचा नियम होता, मशीनवर चढायच्या आधी मनगटावरचं सगळं उतरवायचं, घड्याळ असो की गंडा. मी घड्याळ उतरवलं. माहूरहून आणून आईनं चार वेढे देऊन बांधलेला दोरा मात्र बाहीखाली लपवला. तिचं ऑपरेशन झालेलं. ती बरी होईस्तोवर दोरा सोडायचा नाही, असा शब्द तिनं घेतला होता.

दुपारी ओलं काड त्या दोऱ्यात गुंतलं आणि हात आत निघाला. ओढला, दोरा तुटेना. ड्रमचे दाते कडाकडा काड फोडत होते, माझी बोटं वीतभर अलीकडं. हडंबा फिरवणारा ट्रॅक्टर बंद करायला कुणी पळेस्तोवर उशीर झाला असता. चाचांनी कमरेचा विळा उपसला आणि माझ्या मनगटावरच चालवला. दोरा तुटला, कातडी फाटली, मी मागं कोसळलो.

मग त्यांनी मला मारलं. रक्त गळत असताना, चपलेनं, पाठीवर, मांड्यांवर. सोडवायला आलेल्यांनाही दोन दोन बसल्या. हात गेला असता तर तुझ्या मायला काय तोंड दाखवलं असतं, एवढंच ते म्हणून राहिले होते.

दम लागल्यावर थांबले. आपल्या रुमालानं जखम आवळली. भुश्श्यातून दोरा हुडकला, फुंकला आणि गाठ मारून माझ्या दंडाला बांधला.

“मायला सांग, दोरा सोडला न्हाई. जागा बदलली नुस्ती.”

मी तसंच सांगितलं. पाठ मात्र दाखवली नाही.