देवानंदचा अंगठा

दर्यापुरात गाडीत कोणतं इंजिन ऑइल टाकायचं हे डबा वाचून ठरत नाही. देवानंद मेकॅनिक तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळतो, आभाळाकडे बघतो आणि निकाल देतो. तीस वर्षं निकाल एकच आहे: जाड तेल. जीप असो, ट्रॅक्टर असो की माझी अकरा वर्षांची कार. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी कधी कारण विचारलं नाही. देवानंदला प्रश्न विचारला की तो दुसऱ्याच गाडीखाली जाऊन झोपतो आणि आपली गाडी संध्याकाळपर्यंत मिळत नाही.

त्याची मुलगी प्रियदर्शनी अकोल्याला पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहे. घरातली पहिली कार तिनं घेतली. सुरुवातीच्या सर्व्हिसिंग फुकट, त्या अकोल्यातच झाल्या. दोन वर्षं देवानंदनं त्या गाडीचं बॉनेट फक्त बाहेरून पाहिलं. फुकटचं संपल्यावर पोरगी गाडी आपल्याकडे आणेल की नाही, या काळजीनं त्याला पोखरलं होतं. तसं तो बोलला नाही. नुसता येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "फुकटवाल्या सर्विसिंग किती असतेत जी?" मला तीनदा विचारलं.

मागच्या रविवारी ती आली. मी माझी गाडी घेऊन देवानंदच्या गॅरेजातच बसलो होतो. तिनं डिकीतून सिंथेटिक तेलाचा डबा काढला. देवानंदनं थेंब चोळला.

"हे तेल नाई, पानी हाये."

"गाडीच्या पुस्तकात हेच लिवलं हाये, बाबा."

"पुस्तक लिवनारा मे महिन्यात दर्यापूरले आलता काय? शेचाळीस डिग्रीत हे पातळ तेल टिकन?"

आम्ही पाच गिऱ्हाइकं होतो. पाचही जण जाडच्या बाजूनं, मीसुद्धा, काही कारण नसताना. पातळ ओतलं तर सगळ्यांदेखत अंगठा खोटा ठरणार होता आणि जाड ओतलं तर पोरगी पुन्हा येणार नव्हती. देवानंदनं पाना उचलला. तेलच ठरलं नव्हतं तर खोलायचं काय, म्हणून परत ठेवला.

प्रियदर्शनीनं वाद घातला नाही. तिनं शेजारच्या चहावाल्याकडून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं. एका स्टीलच्या ग्लासात बापाचं तेल ओतलं, दुसऱ्यात आपलं, आणि दोन्ही ग्लास पातेल्यात उभे केले. दहा मिनिटं ते तसेच तापू दिले.

"डोये मिटा," ती म्हणाली.

तिनं चमच्यानं एक थेंब अंगठ्यावर टाकला, मग दुसरा. चटका बसला असणार, पण तो हलला नाही. त्यानं चोळलं. पुन्हा चोळलं.

"जाड कोनतं?"

त्यानं बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

"दोनी पानीच हायेत," तो म्हणाला.

"तुमचा अंगठा थंडं तेल पायते, बाबा. इंजिन गरम तेलावर चालते. अन् सकाळी गाडी सुरू केली की पातळ तेल लवकर वर चढते, बस."

तीस वर्षांत हे मलाही सुचलं नव्हतं, आणि तेल तापलं की पातळ होतं हे मी दरवर्षी नववीला शिकवतो. मला लाज वाटली. मी खिशातला मोबाईल काढून त्यात बघत बसलो.

देवानंदनं जुनं तेल काढून पातळ तेल ओतलं, एक थेंबही न सांडता. फिल्टर बदलला, गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि बॉनेट दोन्ही हातांनी लावलं. माझ्या गाडीत त्या दिवशीही जाडच तेल पडलं. ते जुन्या इंजिनाला बरोबर आहे, असं प्रियदर्शनीनंच सांगितलं.

ती निघाली तेव्हा तो खिडकीशी गेला.

"पुढची बी इथंच करशीन न?"

"दोन वर्षं झाले गाडी घेऊन," ती म्हणाली. "घेऊन ये, पायतो, असं तुमी एकडाव तरी म्हटलं काय?"