काय म्हणतोय तो?

आमचे हे बँकेत होते. लोक म्हणायचे, वा, म्हणजे पैशांत लोळत असाल. लोळत होतोच, पण नियमांत. यांची खिडकी तक्रारींची. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून माणसाने वाकून आपलं गाऱ्हाणं आत सरकवायचं आणि यांनी ते तितक्याच अदबीने बाहेर सरकवायचं. उभ्या नोकरीत यांनी कोणावर आवाज चढवला नाही आणि कोणाचं काम पहिल्या फेरीत केलंही नाही. साहेबांना यांचं कोण कौतुक! वाटाण्याच्या अक्षता लावाव्यात त्या यांनीच. इतक्या हळू आणि गोड आवाजात लावायचे, की समोरचा वर 'आभारी आहे' म्हणून जायचा.

घरीही तोच खाक्या. मुलीने शाळेच्या सहलीला पैसे मागितले तेव्हा म्हणाले, विचार करून कळवतो. मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, यांचा विचार अजून चालूच आहे.

निवृत्त झाले तेव्हा बँकेने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडतं, बँकेचंच ते. आणि पाठोपाठ यांचे कान गेले. मी म्हटलं, जाणारच, वापर कुठे होता? इतकी वर्षं लोकांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आता मुद्दाम करायचे कष्ट वाचले. बोलायला बोलून गेले, पण मग नातीचे फोन यायला लागले. ती विचारायची, आजोबा, माझा दात पडला, कुठला सांगू? हे म्हणायचे, हो, इकडेही ऊन आहे. ती खिदळायची. पुढे पुढे हे फोन वाजला की उठून बाल्कनीत जायला लागले, नसलेल्या कामाला. ते काही मला बघवेना.

कानाचं यंत्र घ्यावं तर त्याची किंमत ऐकून चांगला माणूस बहिरा व्हावा. हे म्हणाले, पेन्शनीत बसत नाही, राहू दे. मी यांच्यासारखी विचार करत बसले नाही. मी शाळेचे स्वेटर विणते. रात्रंदिवस विणले, बोटं आखडेपर्यंत, आणि यांना पत्ता लागू न देता पैसे यांच्याच बँकेत माझ्या खात्यात टाकत राहिले. पुरेसे झाले असं वाटलं तेव्हा काढायला गेले, तर खातं पार खंगलेलं.

झालं होतं असं, की बँकेने मला बढती दिली होती. साधं खातं होतं, त्याचं 'खास' खातं केलं. खास खात्यात शिल्लक जास्त लागते. माझी तेवढी नव्हती, म्हणून दर महिन्याला दंड. दंड कापला की शिल्लक आणखी खाली, म्हणून पुढचा दंड आणखी मोठा. मला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. न बोलावता घरात शिरायचं, आपणच आपला पाहुणचार करून घ्यायचा आणि जाताना बिल यजमानाच्या हातात द्यायचं, याला म्हणे ग्राहकसेवा.

घरी येऊन यांच्या कानाशी ओरडून दंडाचं सगळं सांगितलं. यांनी शांतपणे चष्मा पुसला. म्हणाले, "नियम असेल."

माझं डोकंच फिरलं. "त्या नियमाला जाऊन सांगा, तुमच्या कानांचे पैसे खाल्ले त्याने."

पैसे कशाचे ते यांना तेव्हा कळलं. माझ्या बोटांकडे बघत बसले. जेवले नाहीत. झोपताना म्हणाले, उद्या जाऊ, तू बरोबर ये, मला ऐकू येणार नाही, तो जे बोलेल ते तू मला सांगायचंस.

खिडकीत आता यांचाच शागीर्द बसतो. टक्कल पडलंय, पण हसू तेच, यांच्याकडून उचललेलं. सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात, वगैरे झालं. मग त्याने मान तिरकी केली आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात कुजबुजायला लागला. यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणतोय तो?"

मी कानात सांगितलं. कानात म्हणजे अख्ख्या शाखेत, कारण त्याहून कमी आवाज यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. "म्हणतो, खातं बदलणार अशी सूचना लावली होती."

"कुठे?"

शागीर्द पुटपुटला. मी ओरडले, "मागच्या जिन्यात, झाडू ठेवतात तिथे." रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं.

मग हे विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. तो जितका खाली उतरायचा, तितकी मी वर चढायची. तुम्ही 'नको' म्हणाला नाहीत म्हणजे तुम्हाला चालतंय असं धरलं. दंड चुकीचा असला तरी परत द्यायची पद्धत नाही. हेच सगळं भोकातून नुसतं अलगद ऐकलं असतं, तर मीही मान डोलावून घरी गेले असते. मोठ्याने म्हटलं की ते इतकं निर्लज्ज वाटत होतं, की माझी मलाच लाज वाटायला लागली.

मागच्या गवंड्याने विचारलं, हे खास खातं काय असतं, माझेही कापतात. एका नर्सने पासबुक उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. रांग मोडली, आमच्याभोवती कोंडाळं झालं. शागीर्द घामाघूम. दोन्ही हातांनी मला खुणावायला लागला.

"आता काय म्हणतोय?"

"म्हणतो, काकू, हळू बोला, लोक ऐकतायत!"

तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून धावत आला. आम्हाला आत नेलं, खुर्च्या, थंड पाणी. आपण हे शांतपणे मिटवू, असं तो अगदी हळू म्हणाला. यांनी पुन्हा कानामागे हात नेला, मी पुन्हा तोंड उघडलं. पण मॅनेजरने आधी दाराकडे पाहिलं. दारात गवंडी आणि नर्स उभे होते. माझा सगळा दंड तिथल्या तिथे परत जमा झाला, आणि त्यांचाही.

यंत्र आलं. नातीचा फोन आला तेव्हा हे बाल्कनीत गेले नाहीत. दुसराही दात पडला म्हणाली, तर कुठला ते विचारलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

फोन ठेवून हे म्हणाले, "त्या दिवशी तो काय बोलत होता, ते मला कळत होतं."

"कसं कळणार? ऐकू कुठे येत होतं?"

"ओठ दिसत होते. वाक्यं माझीच आहेत, मीच शिकवली त्याला."

मी भडकले. दोन दिवस माझा घसा बसला होता. मग मला कशाला ओरडायला लावलंत?

हे यंत्रावरून बोट फिरवत राहिले. "मी ती कायम हळूच म्हटली. समोरच्याला कशी ऐकू येत असतील, ते एकदा ऐकायचं होतं."

टोमणा जिभेवर तयार होता. एरवी मी पाठ फिरवून, हळूच मारला असता. पण आता यांना ऐकू गेला असता.