साखळीवाले सर

"हात लोंबकळत ठेवू नका!"

पारोळ्याच्या कॉलेजात आमचे रसायनशास्त्राचे सर असं ओरडले, की बाहेरून जाणारा शिपाईसुद्धा हात खिशात घालायचा. तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील.

पॉलिमरवरून मोनोमर, म्हणजे रेणूंच्या साखळीवरून तिची सुटी कडी ओळखा, हा प्रश्न दर परीक्षेला यायचा आणि आम्ही तो नेमाने चुकायचो. साखळीचा तुकडा तोडायचो, पण तुटलेले बंध तसेच हवेत सोडायचो. शेवटी सरांनी आमचीच साखळी केली. आपलेच दोन हात गुंफून उभा तो मोनोमर. हात सोडून शेजाऱ्यांचे धरले, की पॉलिमर. साखळी तोडली, की आपले हात पुन्हा गुंफायचे; तोच दुहेरी बंध.

पण मुलींची रांग संपून मुलांची सुरू होई, तिथे काय करायचं? ऐंशीचं दशक होतं. सर तिथे लाकडी पट्टी द्यायचे. शेवटची मुलगी मी. एक टोक माझ्याकडे, दुसरं पहिल्या मुलाकडे.

ही बातमी आमच्या गावी पोचली तेव्हा वाटेत पट्टी गळून पडली होती. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, थेट वर्गाच्या दारात उभे. "पोरीसले पोरेसना हात धराले लावतस म्हणे तुम्ही! ऊठ वं, पुस्तकं उचल. बस झायं शिक्षण."

भाऊंनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. सर मात्र तास मोडला म्हणून भडकले. त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "दोघांच्या मधे रोज ही पट्टी असते! आज पट्टीच्या जागी तुम्ही उभे राहा."

आम्ही साखळी धरली आणि भाऊ गोंधळून मधे उभे राहिले. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला तो पहिला मुलगा.

"आता तोडा साखळी!"

भाऊंनी हात सोडले आणि तसेच खाली टाकले.

"हात लोंबकळत ठेवू नका!"

भाऊ दचकले. "मंग कोठे ठेवू?" त्यांनी हळूच मला विचारलं. मी माझे हात गुंफून दाखवले. माझं उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. भाऊंनीही हात गुंफले आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर गुपचूप बसले. जाताना "शिक," एवढंच म्हणाले.

पुढे सर धुळ्याला गेले. मी रसायन घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन भाऊ स्वतः एस.टी.ने निघाले. संध्याकाळी पुडा तसाच घेऊन परतले. सर वारून काही महिने झाले होते, आम्हाला कळलंच नव्हतं. मला रडू आवरेना.

भाऊ ओट्यावर टेकले.

"त्या दिवशी मी तं त्यासले माराले गयथू," म्हणाले.