माशांच्या ताटाचे आठ टाके

गेवराईचा आसाराम फुटकी चिनी भांडी जोडायचा. निजामी अमलात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, बीडच्या आसपास हे काम जाणणारा तो एकटाच. तरी तो कुणाला आवडत नसे. कुणाच्या घरचं पाणीही तो प्यायचा नाही. भांडं हातात घेतलं की मालकाच्या तोंडावर म्हणायचा, "हे पडलं न्हाई, आपटलंय." फुटीच्या कडेवरून त्याला ते कळायचं, आणि लोकांना तेच खुपायचं.

त्याची एक रीत होती. भोकं पाडण्याआधी तो फुटीची कड खरवडायचा आणि निघालेला मळ पांढऱ्या फडक्यावर पसरून सगळ्यांना दाखवायचा. उद्या सांधा सुटला तर दोष कुणाचा, हे आजच दिसलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

चौसाळ्याच्या बबनराव देशमुखांनी त्याला बोलावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा साहेब, तालुकदार, जेवायला यायचा होता. देशमुखांकडे चिनी मातीचं भांडं चुलीपाशी चालत नसे. पण अशा पाहुण्यांसाठी एक जुनं ताट ओसरीवरच्या पेटीत असायचं. पांढऱ्यावर निळे दोन मासे, समोरासमोर. तालुकदार दर दौऱ्यात हौसेनं त्यातच जेवायचा. आता त्याचे दोन तुकडे झाले होते. एका माशाचं डोकं इकडे, शेपूट तिकडे.

अंगणात छबुबाई उभी होती, पायाशी बोचकं. ती बाहेरची भांडी घासायची आणि दोन पोरींना घेऊन गोठ्यामागच्या खोलीत राहायची.

"ह्या टवळीनं फोडलं," बबनराव म्हणाले. "दिवस मावळायच्या आत खोली खाली करायला सांगितलीय. तू जोड."

"मालक, म्या न्हाई आपटलं. कढत पाण्यात घातलं अन् हातातच दोन झाले."

"गप बस!"

आसारामनं कड खरवडली. फडक्यावर तांबडा चुरा पडला. त्यातला एक कण त्यानं टाके तापवायच्या आपल्या शेगडीजवळ धरला. कण वितळला.

"लाख हाय. हे ताट आधीच फुटलेलं, देशमुख. कुनीतरी लाखेनं चिकटवलंय. कढत पाण्यात ती सुटनारच."

"तुला इचारलं का बे?"

"अन् लाख बी कागदावर मोहर उठवायची. ती हितं कुनाकडं ऱ्हाती?"

बैलाला पेंड चारणारा गडी सुग्रीव खाली बघू लागला. मोहरेची लाख बबनरावांच्या कुलूपबंद पेटीत असे, आणि किल्ली त्यांच्याच कमरेला.

"जोडायला बोलावलंय तुला. न्याय करायला न्हाई."

"मग बाईचं बोचकं आत जाऊ द्या. त्याबिगर माझा सामता चालनार न्हाई. उद्या तालुकदाराला वाढा पत्रावळीवर."

बबनरावांनी बोचक्याला लाथ घातली. ते गोठ्याच्या दाराशी जाऊन पडलं.

"जा. मर तिथंच."

आसाराम कामाला बसला. सामता म्हणजे दोरीच्या कमानीनं फिरणारा छिद्र पाडायचा दांडा. त्याच्या टोकाला हिऱ्याची कणी. ताटाच्या पाठीवर, सांध्याच्या दोन्ही बाजूंना त्यानं सोळा भोकं पाडली, आरपार नाही, निम्म्यावर थांबलेली. पितळी तारेचे टाके तापवून त्यात बसवले. तार निवताना आखडते आणि तुकडे एकमेकांवर आवळते. आठ टाके. मग ताट फडक्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. बऱ्याच वेळानं ताट उचललं. फडकं कोरडं होतं.

बबनरावांनी ताट सुग्रीवकडे दिलं, सामता उचलला आणि त्याचं टोक पायरीवर ठेचलं. कणी उडाली.

"जोड आता दुसऱ्यांची भांडी."

आसाराम गुडघ्यांवर बसून अंगणातली माती चाळत राहिला. छबुबाई जवळ आली. त्याला वाटलं, ही शोधायला वाकेल.

"कावून बोल्लात सगळ्यांदेखत?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुमी जाताव निघून. मला ह्याच्याच दारात ऱ्हायचंय. रोज राग काढंल आता त्यो माझ्यावर."

"मग उचला बोचकं अन् जा."

"कुठं जाऊ? तुमच्या घरी?"

त्यानं आणखी एक मूठ माती चाळली. कणी सापडली नाही. मोकळा सामता खांद्यावर टाकून तो गेवराईच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी तालुकदार त्याच ताटात पोटभर जेवला. ते उलटं करून कुणी पाहिलं नाही. छबुबाईनं नंतर ते थंड पाण्यानं धुतलं.