तांदळातलं नाव

माझं सासरचं नाव मला पहिल्यांदा तांदळात दिसलं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात अक्षरं काढली, आणि माझ्याच माहेरची माणसं पेढे खाता खाता मला नव्या नावानं चिडवायला लागली. जुनं नाव वडिलांनी गावच्या नदीवरून ठेवलं होतं. जन्मापासून वापरलेलं, अंगवळणी पडलेलं. त्याचं पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तशी पद्धतच नव्हती.

साताऱ्याकडून थेट वाशीला आले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याची तुर्भ्याच्या कारखान्यात पाळी. इमारत नवी कोरी, निम्म्या घरांना कुलपं, खिडकीतून बघावं तर खाडीपर्यंत मोकळी जमीन आणि वारा. आणि गंमत बघा, एवढ्या थाटात दिलेलं ते नाव वापरायचं कुणी? नवरा 'अगं' म्हणायचा. शेजारीण 'वहिनी'. वाशी गावातली कोळीण मासळीची पाटी घेऊन जिन्यातूनच ओरडायची, "ए बाय, मावरं हाय ताजं, घेतंस का?" माहेरचं नाव गेलं आणि सासरचं काही तोंडी रुळलं नाही. नवरा कामावर गेला की फार एकटं वाटायचं. पोळ्या लाटता लाटता रडू यायचं आणि कशाचं ते सांगताही आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी सासूबाई राहायला आल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या मात्र मला नावानं हाक मारायच्या. आणि किती मारायच्या! दोन खोल्यांचं घर, मी हाताच्या अंतरावर, तरी पूर्ण नाव, शेवटचं अक्षर लांबवून. मी 'ओ' द्यायची. "काय हो आत्या?"

"काय नाय."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. आधी बरं वाटलं, मग डोकं उठलं. म्हातारीला दुसरा उद्योग नाही, असं मनात म्हणायची.

एकदा त्यांचे थोरले भाऊ गावाहून भेटायला आले. दारातूनच त्यांनी हाक मारली, माझ्या नव्या नावानं. मी स्वयंपाकघरातून 'ओ' दिली आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून आत्यांनीही दिली. कोवळा, परकरातल्या पोरीचा आवाज. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मामा हसायला लागले. आत्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

मामा गेल्यावर मेथी निवडताना त्यांनी सांगितलं. ते नाव त्यांचं होतं, माहेरचं. त्या जन्मल्या तेव्हा घरातल्या दिव्याचं तेल संपलेलं. पहाट फुटली तेव्हा कुठं घरच्यांना लेकीचं तोंड दिसलं, म्हणून वडिलांनी पहाटेचं नाव ठेवलं. पुढं लग्नात तांदळात दुसरंच उमटलं. आईवडील गेले, भावाची गाठ क्वचित. ते नाव घेणारं कुणी उरलं नाही.

"लेकाच्या कानात म्याच सांगितलं, ह्येच लिही म्हणून; कुणाचं ते नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुज्या नावानं का हुईना, घरात घेतलं जाईल. माज्या कानावर तरी पडंल."

आणि त्यांचा लेक 'अगं' म्हणून मोकळा झाला होता. म्हणून त्या स्वतःच हाका मारत होत्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. स्वतःचं जपायला माझं पुसलं होतं त्यांनी. पण मेथीची काडी तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "तुजं बी मला ठावं हाय की. म्हनू का त्या नावानं?" आणि म्हटलं. कितीतरी दिवसांनी मी माझं नाव ऐकलं. भडभडून आलं.

मग दुपारी दोघीच असलो की त्या मला नदीच्या नावानं बोलवायच्या. सासूला नावानं हाक मारणं म्हणजे आमच्याकडं जीभ झडायची गोष्ट. तरी एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी मारलीच, त्यांच्या पहाटेच्या नावानं, चांगली मोठ्यानं. आतून 'ओ' आली, तशीच कोवळी.

त्या गावी परतल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. दहाव्याला भटजींनी गेलेल्या बाईचं नाव विचारलं. नवऱ्यानं आत्यांचं सासरचं सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला तेच माहीत होतं.

वाशीला परत आलो. नवरा कामावर गेला. दुपारी गॅलरीत उभी राहून मी ते पहाटेचं नाव घेऊन हाक मारली, आत्या मारायच्या तशी, शेवटचं अक्षर लांबवून. थोडा वेळ थांबले.

मग मीच 'ओ' दिली.